‘पर्यंत’ला बाय लावायचं की अंटिल? जवळचे इंग्रजी शब्द निवडण्याची रीत

“वुई विल सेंड द गुड्स अंटिल फ्रायडे.” कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीतून, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातून, असा मेल परदेशी गिऱ्हाइकाला गेला, तर लिहिणाऱ्याच्या मनात असतं ‘शुक्रवारपर्यंत माल पाठवतो’. वाचणारा समजतो, हे शुक्रवारपर्यंत माल पाठवत राहणार आणि मग थांबणार. स्पेलिंग बरोबर, व्याकरण बरोबर, तरी निरोप उलटाच पोचला. मराठीचा ‘पर्यंत’ एकटा जेवढं ओझं उचलतो, तेवढं इंग्रजीत चार शब्दांनी वाटून घेतलंय आणि डिक्शनरी त्या चारींसमोर ‘पर्यंत’ एवढंच लिहून मोकळी होते.

ओळखायची रीत सोपी आहे. मराठी वाक्यात ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून बघा. ‘शुक्रवारच्या आत माल पाठवतो’ हे चालतं, म्हणजे काम एकदाच व्हायचंय आणि ही त्याची मुदत आहे. इथे बाय: “वुई विल डिस्पॅच बाय फ्रायडे.” आता ‘शुक्रवारपर्यंत दुकान बंद आहे’ घ्या. ‘शुक्रवारच्या आत बंद आहे’ कुणी म्हणत नाही, कारण बंद राहणं मधले सगळे दिवस चालू आहे. इथे अंटिल. आकडा किंवा रक्कम आली की दोन्ही बाजूला ठेवा. ‘50 जोडांपर्यंत सूट नाही’ याला “अप टू फिफ्टी पेअर्स”. जागा आली, ‘ट्रक पुण्यापर्यंतच जाईल’, तर “ॲज फार ॲज पुणे”.

अंटिलमध्ये आणखी एक खाच आहे. “क्लोज्ड अंटिल फ्रायडे” म्हटल्यावर शुक्रवारी दुकान उघडं की बंद, यावर इंग्रजांचंही एकमत नाही. त्यामुळे तिथे अंटिलच्या वाटेलाच जाऊ नये. “वुई रीओपन ऑन सॅटर्डे” असं लिहावं. बायच्या बाबतीत शुक्रवार धरला जातो, पण शुक्रवारी किती वाजेपर्यंत हे राहतंच. तारीख आणि वेळ लिहिली की पुढचे चार फोन वाचतात.

याच घरातली दुसरी जोडी इन आणि विदिन. ‘5 दिवसांत माल मिळेल’ हे आपण ‘पाचाच्या आत कधीही’ अशा अर्थाने बोलतो. “इन फाइव्ह डेज” वाचणारा मात्र बऱ्याचदा आजपासून पाचव्या दिवशी असं धरतो, तिसऱ्या दिवशी गोडाऊन उघडं ठेवत नाही आणि ट्रक दारात उभा राहतो. ‘आत कधीही’ म्हणायचं असेल तर विदिन. तसंच ‘पासून’. ‘1998 पासून’ला सिन्स, कारण तिथे सुरुवातीचा बिंदू आहे, ‘25 वर्षांपासून’ला फॉर, कारण तो काळाचा पट्टा आहे. “सिन्स ट्वेंटीफाइव्ह इयर्स” ही पाटी कोल्हापुरात इतक्या दुकानांवर दिसते की ती आता खटकतही नाही. पाटीवर राहू द्या, टेंडरमध्ये नको.

यातून जी रीत निघते ती अशी: दोन शब्दांचा मराठी अर्थ एकच दिसला की अर्थ विचारणं सोडून द्यायचं आणि तीन वेगळे प्रश्न विचारायचे. कोण करतंय आणि कुणाकडून कुणाकडे? एकदाच होतं की चालू राहतं? हे आधीचं की नंतरचं? बहुतेक जोड्या यांपैकी एका प्रश्नावर फुटतात. उसनं देणं-घेणं पहिल्यावर फुटतं: वस्तू माझ्याकडून जाते तेव्हा लेंड, माझ्याकडे येते तेव्हा बॉरो. “बॉरो मी युअर पेन” म्हणणाऱ्याने दिशा उलटी केलेली असते.

पुराचे निरोप

पावसाळ्यात कोल्हापूरकर सगळ्यांत जास्त इंग्रजी पुराबद्दल लिहितात. बाहेरगावच्या नातेवाइकांना, कंपनीच्या हेड ऑफिसला, ट्रान्सपोर्टवाल्याला. आणि इथे ‘बुडणे’ दगा देतं. मराठीत माणूस बुडतो, नाव बुडते, बंधारा बुडतो, उधारीसुद्धा बुडते. इंग्रजीत ड्राउन फक्त जीव असलेल्याचं होतं आणि नुसतं “ही ड्राउन्ड” म्हटलं की माणूस गेला. ‘तो बुडाला, पण पोरांनी वाचवला’ हे “ही ड्राउन्ड बट वॉज सेव्ह्ड” असं लिहिलं तर आधी मृत्यू आणि मग बचाव होतो. तिथे “ही वॉज ड्राउनिंग” पाहिजे. नाव तळाला जाते, म्हणून सिंक. बंधारा जागचा हलत नाही, पाणीच त्याच्यावरून चढतं, म्हणून सबमर्ज्ड. रस्त्यावर किंवा दुकानात पाणी शिरलं तर फ्लडेड. दुकान सबमर्ज्ड झालं असं लिहिलंत, तर विमावाला छपरापर्यंत पाणी धरणार. गुडघाभर असेल तर फ्लडेड लिहा आणि किती फूट तेही लिहा.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. यांना वॉर्निंग लेव्हल आणि डेंजर लेव्हल हेच शब्द आहेत, अदलाबदल चालत नाही. ‘पातळी गाठली’ला रीच्ड, ‘ओलांडली’ला क्रॉस्ड. पाणी 43 वर टेकलं असताना क्रॉस्ड लिहिणं म्हणजे अफवा.

‘धरणातून पाणी सोडलं’ याला लीव्ह नव्हे, रिलीज. लीव्हमध्ये आपण निघून जातो आणि वस्तू मागे राहते. रिलीजमध्ये धरून ठेवलेलं मोकळं करतो. राधानगरीचे 7 स्वयंचलित दरवाजे उघडतात तेव्हा होतो तो रिलीज. सोडलेल्या पाण्याचा वेग क्युसेकमध्ये आणि साठा टीएमसीमध्ये सांगतात. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, टीएमसी म्हणजे 100 कोटी घनफूट. सुमारे 11,574 क्युसेकने दिवसभर पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. बातमीत ‘इतके क्युसेक पाणी साठलं’ असं दिसलं तर लिहिणाऱ्याने वेग आणि साठा यांची खिचडी केलीय.

धरण आणि बंधारा हा फरक मराठीत आधीच चोख आहे, तो इंग्रजीत नेताना सांडू नये. पाणी अडवून साठवणारं डॅम. पातळी थोडी उचलून जादाचं वरून वाहू देणारा बुटका बांध तो विअर. आपल्या बंधाऱ्याचं सरकारी कागदांतलं नाव केटी विअर आहे आणि त्यातलं ‘केटी’ म्हणजे ‘कोल्हापूर टाइप’. त्याला डॅम म्हणणं म्हणजे आपल्याच गावाची ओळख पुसणं.

फौंड्रीतले शब्द

इथे शब्द चुकला तर पैसे जातात, म्हणून जरा निवांत बघू.

तक्रार आली की पहिला प्रश्न: डिफेक्ट की डॅमेज? डिफेक्ट वस्तू बनतानाच तिच्यात राहिलेला असतो: ब्लोहोल (वायूने पडलेलं भोक), श्रिंकेज (आकसल्याने राहिलेली पोकळी), कोल्ड शट (धातू नीट न जुळल्याची रेघ). डॅमेज नंतर होतं: ट्रकमध्ये कड तुटली, पावसात गंज चढला. ‘पीस खराब आला’ याला घाईत “डिफेक्टिव्ह पीस” असं उत्तर दिलं की वाहतुकीत झालेलं नुकसान आपण लेखी स्वतःच्या अंगावर घेतलं. कारण कळेपर्यंत “रिपोर्टेड पीस” म्हणा. फॉल्ट हा शब्द शक्यतो विजेच्या बिघाडासाठी ठेवा, कारण माणसाशी जोडला की तो ‘दोष तुमचा’ असा वाचला जातो.

मग रीवर्क आणि रिपेअर. शॉपफ्लोअरवर दोन्हींना ‘दुरुस्ती’ म्हणतात, पण आयएसओ 9000 या शब्दावलीच्या मानकात फरक पक्का आहे. रीवर्कनंतर पीस मूळ ड्रॉइंगप्रमाणे होतो. रिपेअरनंतर तो वापरण्याजोगा होतो, ड्रॉइंगप्रमाणे होईलच असं नाही. बोअर, म्हणजे पिसातलं गोल भोक, 50 मिमीचा हवाय. 49.80 आला, पुन्हा मशिनवर चढवून 50 केला: रीवर्क. 50.30 आला, आत बुश (नळीसारखा तुकडा) ठोकून 50 केला: रिपेअर. दुसऱ्या पिसात आता ड्रॉइंगमध्ये नसलेला एक जादा भाग आहे, आणि तो गिऱ्हाइकाला न विचारता पाठवता येत नाही. ब्लोहोल वेल्डिंगने भरणंही याच खात्यात जातं. रिपोर्टमध्ये “रीवर्क्ड” लिहिलं आणि पुढे ऑडिटरला वेल्ड सापडलं, तर ती शब्दाची चूक म्हणून कुणी सोडून देत नाही.

परवानगी मागतानाही आधी-नंतर बघावं लागतं. माल ओतायच्या आधी ‘ड्रॉइंगपेक्षा थोडं वेगळं करू का?’ विचारलं तर ते डेव्हिएशन परमिट. माल ओतून झाला, माप बाहेर गेलं, आणि ‘एवढे घ्या’ म्हणायचंय, तर ते कन्सेशन. आपल्याकडे दोन्हींना सर्रास डेव्हिएशन म्हणतात. मग गिऱ्हाईक समजतं की अजून एकही पीस ओतलेला नाही आणि शांतपणे ‘नको’ कळवतं. इकडे 400 नग पॅक होऊन पडलेले असतात.

सगळ्यांत जास्त परत येणारा कागद म्हणजे एट-डी रिपोर्ट, म्हणजे तक्रारीवर डी-1 ते डी-8 अशा आठ टप्प्यांत द्यायचं उत्तर, आणि तो बहुतेकदा करेक्शन आणि करेक्टिव्ह ॲक्शन यांच्या घोळामुळे परत येतो. करेक्शन म्हणजे समोर दिसणारी चूक निस्तरणं: 200 नग बाजूला काढले, तपासले, 14 बदलून दिले. करेक्टिव्ह ॲक्शन म्हणजे चूक ज्यामुळे झाली ते कारण काढणं: वाळूतला ओलावा वाढल्याने ब्लोहोल आले, म्हणून आता दर पाळीला ओलावा मोजून नोंद होते आणि मर्यादेबाहेरची वाळू मोल्डिंगला जात नाही. पहिलं वाक्य डी-3 च्या, म्हणजे तात्पुरत्या बंदोबस्ताच्या, आसपास शोभतं, डी-5 मध्ये, म्हणजे कायमच्या उपायात, दुसरंच लागतं. ‘ऑपरेटरला समज दिली’ हे कुठल्याच खान्यात बसत नाही, तरी ते दर रिपोर्टात असतं.

टॉलरन्स आणि अलाउन्स या दोन्हींना मराठीत ‘सूट’ म्हणून चालतं. टॉलरन्स म्हणजे माप हुकलं तर किती हुकलेलं चालेल. अलाउन्स म्हणजे आपण मुद्दाम ठेवलेला फरक: मशिनिंगसाठी 3 मिमी जादा जाडी, किंवा ग्रे आयर्न थंड होताना आकसतं म्हणून पॅटर्न (साचा ज्यावरून करतात तो नमुना) मीटरमागे साधारण 10 मिमी मोठा. हुकणं आणि ठेवणं, एवढं डोक्यात राहिलं तरी पुरे. ॲक्युरेट आणि प्रिसाइजही असेच सख्खे वाटतात. 25.00 मिमीच्या शाफ्टला तुमचा मायक्रोमीटर तीनदा 25.08 दाखवत असेल तर तो प्रिसाइज आहे, ॲक्युरेट नाही. त्याला कॅलिब्रेशन लागणार. एकदा 24.96, एकदा 25.05 दाखवत असेल तर आधी हात आणि धरायची पद्धत तपासा.

दराचं थोडक्यात. प्राइस गिऱ्हाईक देतं, कॉस्ट तुम्हाला पडते, रेट एककामागे असतो, म्हणजे कास्टिंगचा रेट किलोला आणि प्राइस नगाला. “कॉस्ट ब्रेकअप” मागितलं तर ते कच्चा माल, वीज, मजुरी असा तुमचा खर्च मागतायत; विक्रीची किंमत वाटून पाठवू नका. एस्टिमेट बदलू शकतं, कोटेशन दिलेल्या मुदतीत बदलत नाही. प्रोफॉर्मा इनव्हॉइस म्हणजे टॅक्स इनव्हॉइस नव्हे, त्यावर गिऱ्हाइकाला जीएसटीचं क्रेडिट घेता येत नाही. भाड्याचं म्हणाल तर जागेचं रेंट, मालाचं फ्रेट, प्रवाशाचं फेअर.

चप्पल, गूळ आणि ताट

कोल्हापुरातल्या चप्पल लाइनीतून, म्हणजे चपलांच्या बाजारातून, ऑनलाइन विकणाऱ्यांनी आधी मोजमापाचा शब्द ठरवावा. ‘50 नग’ याचं “फिफ्टी पीसेस” केलं आणि समोरच्याने शब्दशः घेतलं, तर ते 25 जोड होतात. नेहमी पेअर्स. चप्पलला स्लिपर म्हणू नका. इंग्लंड-अमेरिकेत स्लिपर म्हणजे घरात घालायची मऊ सपाता. लेदर सँडल बरोबर. शेळी-मेंढीसारख्या लहान जनावराचं कातडं स्किन, गाय-म्हैस-बैलाचं हाइड, आणि कमावल्यावर दोन्ही लेदर. त्यामुळे “रॉ लेदर” हा शब्द स्वतःच्याच पायात अडकतो. टॅन हा रंग आहे, टॅन्ड ही प्रक्रिया. “टॅन कलर” लिहिलं म्हणून चप्पल बाभळीच्या सालीने कमावलेली ठरत नाही. तसं असेल तर “व्हेजिटेबल टॅन्ड” स्पष्ट लिहा, त्याची किंमत मिळते. आणि कोल्हापुरी चपलेला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा अस्सल माल विकताना “कोल्हापुरी स्टाइल” हे शब्द वापरू नयेत. स्टाइल शब्दाचा अर्थच ‘तसं दिसणारं, पण ते नव्हे’ असा होतो. नक्कल करणाऱ्याचा शब्द अस्सलवाल्याने कशाला घ्यायचा?

गुळाच्या बाबतीत डिक्शनरीने फार घोळ घातलाय. काकवीलाही मोलॅसिस आणि मळीलाही मोलॅसिस. पण मोलॅसिस म्हणजे साखरेचे दाणे काढून घेतल्यावर उरतं ते. काकवीतून काहीच काढलेलं नसतं, तो गूळ होण्याआधीचा आटवलेला रस आहे. बाटलीवर “लिक्विड जॅगरी” किंवा “केन सिरप” लिहा. मोलॅसिस लिहिलंत तर जाणकार गिऱ्हाईक कारखान्यातली मळी समजून पुढे जाईल. “ऑरगॅनिक” हा कौतुकाचा शब्द नसून प्रमाणपत्राचा आहे, ते नसेल तर लेबलवर नको. बेस्ट बिफोर चवी-दर्जाची तारीख सांगतं, यूज बाय सुरक्षिततेची. पहिली उलटली तर माल कमअस्सल होतो, दुसरी उलटली तर खायचा नसतो.

मेन्यूकार्डात हॉटला दोन अर्थ आहेत, गरम आणि तिखट, आणि परदेशी पाहुणा कुठला धरेल याचा नेम नाही. मराठी इथे इंग्रजीपेक्षा सरस. तांबड्या रश्श्यासमोर “चिली-हॉट”, पांढऱ्यासमोर “माइल्ड” लिहावं. नुसतं स्पायसी म्हणजे मसालेदार. वेलची-दालचिनीचा पदार्थही स्पायसी होतो. रस्सा पातळ असतो, त्याला ग्रेव्ही म्हटलं की दाट पदार्थाची अपेक्षा होते, ब्रॉथ जवळचा. मटण आपल्याकडे शेळी-बोकडाचं, इंग्लंडमध्ये मेंढीचं, म्हणून “गोट” लिहिलेलं बरं. आणि ‘मिसळीचं हॉटेल’ इंग्रजीत रेस्टॉरंट होतं. हॉटेल म्हटल्यावर पाहुणा बॅगा घेऊन खोली मागेल.

भारतात चालणारे, वेशीबाहेर अडणारे

काही शब्द आपण आपसात वापरतो तोवर ठीक. ‘रिव्हर्ट करतो’ म्हणजे आपल्याला उत्तर देणं, बाहेर मात्र पूर्वस्थितीला जाणं, म्हणून रिप्लाय. ‘आय हॅव अ डाउट’ बाहेर अविश्वासासारखं ऐकू येतं, म्हणून क्वेश्चन. ‘दुकानाच्या बॅकसाइडला’ याचा अर्थ सांगायलाही संकोच वाटावा, बिहाइंड म्हणा. तालीम या शब्दाला डिक्शनरीत रिहर्सल सापडतं, ते नाटकाचं. पैलवानांची तालीम म्हणजे रेसलिंग स्कूल आणि खासबाग मैदान म्हणजे रेसलिंग अरीना.

नवी जोडी आली की

मराठी अर्थ देणारी डिक्शनरी बंद करा. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीची इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी उघडा, ऑनलाइन फुकट आहेत, आणि दोन्ही शब्दांखालच्या व्याख्या सोडून फक्त उदाहरणं वाचा, प्रत्येकी सहा-सात. शब्दाच्या शेजारी कोण बसतंय ते बघा. मग एका शब्दाच्या उदाहरणात दुसरा घालून बघा. जिथे वाक्य मोडतं तिथेच फरक आहे. अजून खात्री नसेल तर तुमचा चार शब्दांचा तुकडा दुहेरी अवतरणचिन्हांत घालून सर्च करा आणि निकाल भारतीय साइटींवरचेच आहेत का ते तपासा. भाषांतराच्या ॲपला सुटा शब्द कधीच देऊ नका, पूर्ण वाक्य आणि त्याच्या मागचं-पुढचं एक वाक्य द्या. आलेलं इंग्रजी दुसऱ्या दिवशी मूळ न बघता परत मराठीत आणा. ‘शुक्रवारपर्यंत पाठवत राहू’ असं निघालं, तर अंटिल घुसलंय.

एक वही ठेवा, पानाला तीन रकाने: मराठी शब्द, इंग्रजी शब्द, आणि तो जिथे चालत नाही असं एक वाक्य. तिसरा रकाना लोक सोडून देतात आणि मग महिन्याभराने वही उघडली की दोन्ही शब्दांसमोर पुन्हा ‘पर्यंत’ एवढंच लिहिलेलं सापडतं.